बुडीच्या आदल्या दिवशीचा आराम

आराम करायचा म्हंजी नेमकं काय करायचं, हे मला आजपातूर कुणी शिकवलेलं न्हाई. शाळंत व्हतो तवा मास्तर म्हणायचे, "गप बस." घरी आण्णा म्हणत्यात, "बसू नको." ह्या दोन्हीच्या मधी आराम कुठं ऱ्हातो, ते मला ठाऊक न्हाई. आन् तरी रत्नागिरीवरनं आलेल्या टाइपाच्या कागदावर सरळ लिहिलं व्हतं: "उमेदवाराने आदल्या दिवशी हजर राहून पूर्ण विश्रांती घ्यावी. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता होडीने बुडीच्या जागी नेण्यात येईल."

उमेदवार म्हंजी मी. म्हाळू, ऱ्हाणार शिरूर, घोडनदीच्या कडंला. बहात्तरच्या दुष्काळात आमच्याकडं सगळ्यांनी विहिरी खोल खोल नेल्या, आन् मंग त्येच्यात जे पडाय लागलं ते थांबंचना. घागरी पडल्या, बादल्या पडल्या, मोटारीचे फुटवाल पडले, एकदा तर जावयाची सायकल पडली. ते सगळं वर काढायचं काम माझं. पोटाशी दगड धरायचा, कमरंला दोर बांधायचा आन् बुडायचं. दोराचं दुसरं टोक माझ्या मामाच्या हातात. एक झटका दिला की मामानं दोर सोडायचा, दोन दिले की वर वढायचं. ह्या दोन झटक्यांवर माझा जीव चार वर्षं टिकून हाय.

तर रत्नागिरीला एका ठेकेदाराचं धक्का बांधायचं काम चाललेलं. पडावातनं, म्हंजी माल वाहायच्या मोठ्या होडीतनं, उतरवताना त्येंचं डिझेल इंजिन खाडीत पडलं. ठेकेदाराचे कारकून बबनराव आपल्या शिक्रापूरचे. त्येंनी साहेबांला सांगितलं, आमच्याकडं एक पोरगं हाय, विहिरीतनं सुई काढतंय. साहेब म्हणले, बोलवा. माझ्यासमोर बुडी जमली तर कायमचा ठेवू.

आन् न्हाई जमली तर? तर आण्णांनी शेजारच्या पोपटरावांला शब्द दिलेला, की पोरगं तुमच्या पिठाच्या गिरणीवर बसंल. पोपटरावांची गिरण मी बघितलीय. तिथं माणूस सकाळी काळा बसतो आन् संध्याकाळी पांढरा उठतो, मधी काय बी व्हत न्हाई. मी एक दिवस बसून बघितलं. दुपारी एका बाईनं ईचारलं, "बाजरी कवा व्हईल?" आन् मी म्हणलो, "पिकल्यावर." संध्याकाळी आण्णांनी मला धुतला. म्हणून मला ही बुडी पायजेच व्हती.

कागदात अजून एक मागणी व्हती: "पाण्यात उतरण्यास योग्य असल्याचा दाखला." तलाठी म्हणले, "मी ऱ्हात्याचा दाखला देतो. बुडत्याचा माझ्याकडं फारम न्हाई." मंग दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी छातीला नळी लावली, म्हणले, "श्वास धर," आन् तेवढ्यात त्येंला बाहेरनं कुणीतरी बोलवलं. मी धरला. बाहेर चहा आला, गप्पा झाल्या, कुणाच्यातरी बैलाचं दुखणं निघालं. मी धरलेलाच. कंपाउंडर बाई आत आली, माझं तोंड बघितलं आन् किंचाळली. डॉक्टर पळत आले. त्येंनी सही केली, शिक्का मारला आन् मला हाताला धरून दाराबाहेर सोडलं.

शेजारपाजाऱ्यांनी बी आपापलं दिलं. साळूबाई म्हणली, "समिंदराचं पाणी खारं असतंय बाबा. आत गेल्यावर तोंड उघडून कुणाशी बोलू नको." पोपटराव म्हणले, "जा, जा. गिरणीचा पट्टा नवा टाकून ठिवतो." हे ऐकून माझं टाळकं सटकलं, पर आईनं माझा हात धरला. आईची काळजी येगळी. आमच्यात विहिरीत उतरायच्या आदी आसरांना निवद दावत्यात. सात बहिणी हायेत त्या, पाण्यात ऱ्हात्यात. निवद पाण्याच्या कडंला ठिवायचा आन् पाणी त्येला शिवलं की आपण उतरायचं. आई म्हणली, "येका विहिरीला सात, मंग समिंदराला किती असत्याल?" हा हिशेब कुणालाच जमला न्हाई. म्हणून तिनं नारळ, हिरव्या बांगड्या आन् डबाभर मलिदा बांधला. पाच घरच्या लग्नाला पुरला असता.

संगं शंकरमामा. माझा मामा खुटबावचा, पर दौंड ठेसनात पॉइंटमन; सुट्टी पडली की आमच्या विहिरींवर. गाडी कुठल्या रुळावरनं जाईल ते मामा ठरवतो, आन् त्यामुळं जगातलं सगळंच आपण ठरवतो असं त्येला वाटतं. मामाकडं रेल्वेचा पास. रत्नागिरीला रेल्वेच न्हाई हे त्येला पुण्यात कळलं, तवापासनं मामा कोकणावर रागावलेला. कराड गेलं, कुंभार्ली घाट उतरला, चिपळूण मागं पडलं, एस्टीत दोन बायांला उलटी झाली, तरी मामाचं एकच: "रूळ टाकाया काय झालंय ह्येंला?"

सकाळी रत्नागिरीला उतरलो. बबनराव न्यायला आलेले. काखंत फायल, खिशाला दोन पेनं. त्येंनी एका खानावळीच्या माळ्यावर खोली दिली आन् बोट वर करून म्हणले, "म्हाळू, आज काय बी करायचं न्हाई. साहेब लई कडक हायेत. कागदावर विश्रांती म्हंजी विश्रांती."

"ती जबाबदारी माझी," मामा म्हणला आन् खिशातनं कागद काढला.

त्येनं एस्टीत बसून माझ्या आरामाचं टाइमटेबल लिहिलं व्हतं. आठ धा ते नऊ पंचवीस, डाव्या कुशीवर. नऊ पंचवीस ते नऊ तीस, कूस बदलणे. नऊ तीस ते धा पंचेचाळीस, उजव्या कुशीवर. मंग पाणी पिणे, एक पेला. मी म्हणलो, "मामा, मला झोप येत न्हाई." मामा म्हणला, "झोप टाइमावर येती का न्हाई ते आपलं काम न्हाई. आपण सिग्नल द्यायचा."

मी आडवा झालो. मामा उशाशी घड्याळ धरून बसला. खाली मासळीचा लिलाव सुरू झाला. नऊ चोवीसला माझा डोळा लागला. नऊ पंचवीसला मामानं मला हलवलं. "उठ, म्हाळ्या. कूस बदल."

"आरं मामा, आत्ताच झोप लागली व्हती!"

"मंग लेट लागली. त्येला मी काय करू?"

मी उशी फेकून मारली. उशी खिडकीतनं खाली लिलावात गेली आन् एका कोळणीनं तिच्यावर पापलेटं मांडली. खानावळवाला वर आला, म्हणला, "उशी खोलीची आहे." मी खाली गेलो. कोळीण म्हणली, "मासली घे, मंग उशी घे." शेवटाला उशी मिळाली पर अशी, की ती खोलीत ठिवली तर आपण बाहेर ऱ्हायला पायजे. म्हणून मामानं टाइमटेबलात दुरुस्ती केली: उरलेला आराम समिंदराच्या काठी, मोकळ्या हवंत. निवद बी दावून व्हईल.

समिंदर बघितला. त्येला समोरचा काठच न्हाई. मामा म्हणला, "मी मुंबैला बघितलाय. तिथला मोठा हाय." आमी खाडीच्या तोंडाशी, जिथं वाळू सपाट व्हती, तिथं पाण्याच्या कडंला निवद मांडला. नारळ, बांगड्या, मलिदा. हात जोडले आन् पाणी शिवायची वाट बघत बसलो.

पाणी शिवंना. लाट यायची आन् ईतभर अलीकडंच मोडायची. मामानं निवद ईतभर पुढं सरकवला. पाणी हातभर मागं गेलं. हातभर सरकवला, पाणी चार पावलं मागं. आमी दोघं डबा घेऊन पुढं, पाणी मागं. आमी पुढं, पाणी मागं. माघारी बघितलं तर काठ शे-दीडशे पावलं लांब ऱ्हायलेला.

"आसरा रुसल्यात," मामा कुजबुजला. "तू उशी फेकलीस नव्हं, अन्नावर."

"आन्न कुठलं? मासं व्हतं त्ये!"

भरती-ओहोटीचा धडा नववीच्या भूगोलात हाय म्हणं. मी आठवीत शाळा सोडली आन् मामा चौथीत. आमच्या घोडनदीचं पाणी एकदा गेलं की म्हैनाम्हैना येत न्हाई. विहिरीचं बी तसंच, उन्हाळ्यात खाली गेलं की दिवाळीपातूर खालीच. त्यामुळं पाणी गेलं ते गेलं, आता दोन-चार दिस तरी येत न्हाई, असं आमी दोघांनी धरलं. तिथंच एका दगडाशेजारी एक होडी कलंडून पडलेली. तिचा दोर चिखलात गेलेला आन् दोराच्या टोकाला लोखंडाचा नांगर रुतलेला. मामा म्हणला, "निवद ह्या दगडावर ठिवू. पाणी ईल तवा शिवंल. तवर होडीत पड. बाराची झोप हाय तुझी."

मागच्या टोकाला गुंडाळलेलं शीड व्हतं. मी त्येच्याखाली शिरलो. गार सावली, मऊ कापड, घड्याळवाला मामा दुसऱ्या टोकाला. जल्मात पैल्यांदा मला आराम म्हंजी काय ते कळलं.

पुढचं मला मामानं नंतर सांगितलं. मामाचा बी डोळा लागला व्हता. जाग आली तर चारी बाजूला पाणी. दगड न्हाई, निवद न्हाई, वाळू न्हाई. म्हाळू न्हाई! मी शिडाखाली घोरत व्हतो, पर ते त्येला काय ठाऊक? त्येनं बघितलं, होडीच्या तोंडाला बांधलेला दोर सरळ पाण्यात गेलाय. आन् लाटंनं होडी उचलली की दोर हिसकत व्हता. एकदा. दोनदा. थांबला. परत एकदा, दोनदा.

आता चार वर्षं विहिरीवर उभा ऱ्हायलेला माणूस दोन झटक्याचं काय समजंल? "म्हाळ्या! आलो रं!" म्हणून मामानं दोर धरला. पाय होडीच्या फळीला लावले आन् जीव खाऊन वढला. वढताना म्हणं त्येला वाटलं, पोराचं वजन वाढलंय, पाणी प्यालंय. मंग त्येनं डोळं मिटलं आन् शेवटचा हिसका दिला.

मी उठलो ते मामाच्या रडण्यानं. बघतो तर मामा चिखलानं भरलेल्या नांगराला मिठी मारून बसलेला.

"मामा, काय करताय?"

मामानं माझ्याकडं बघितलं. नांगराकडं बघितलं. परत माझ्याकडं बघितलं. "तू हितं हायेस?" म्हणला. आन् मंग, कसला बी माणूस असतो बघा, रागावला. "मंग सांगाया काय झालं व्हतं?"

आता होडीला धरून ठिवणारं काय बी उरलं न्हवतं. भरतीचं पाणी खाडीत शिरत व्हतं, वारा बी त्येच बाजूचा, आन् आमी दोघं वरातीसारखं निघालो. वल्ही न्हवती. मामाला पवता येत न्हाई. त्येनं तोंडानं शिट्टी मारून हात वर केला, जणू होडी थांबणार. तेवढ्यात काठावरनं एक चाचा लुंगी धरून पळत येताना दिसला. होडी त्येची.

"अरे मेल्यांनो! माझी होडी कुठं नेताव?"

"आमी न्हाई नेत!" मामा वरडला. "तीच आमाला नेती!"

"नांगर टाका! नांगर!"

पॉइंटमन माणूस. हुकूम आला की मानायचा. मामानं नांगर डोक्यावर उचलला आन् लांब फेकला. नांगर बुडाला, त्येच्यामागं दोर सळसळत गेला, आन् दोराचं शेवटचं टोक बी आमच्यासमोरनं टुणकन् पाण्यात गेलं. काम झालं की दोर सोडवून, गुंडाळून ठिवायचा, ही मामाची दौंडच्या यार्डातली सवय. होडीचं टोक त्येनं मघाशीच सोडलं व्हतं.

होडी जाऊन चार पावलांवरच्या अर्धवट बांधलेल्या धक्क्याच्या खांबाला धाडकन् थडकली. वर बघतो तर खुर्ची. खुर्चीत छत्रीखाली एक साहेब. आन् त्येंच्या बाजूला फायल छातीशी धरलेले बबनराव. त्येंचा चेहरा असा, की पिठाच्या गिरणीत दिवसभर बसल्यागत पांढरा.

"बबनराव, हे कोण?" साहेबांनी ईचारलं.

"साहेब… उद्याचा उमेदवार."

"हा विश्रांती घेतोय?"

"घेतोय साहेब," मामा खालनं म्हणला. "बारापासनं."

तेवढ्यात चाचा धक्क्यावर पोचला. दम लागलेला, तरी तोंड सुरूच. "चोर! होडी चोरलीव ती चोरलीव, नांगर पण बुडवलाव! माझ्या बापाचा नांगर व्हता तो!"

चोर म्हणल्यावर माझ्या डोक्यात गेलं. विश्रांती, टाइमटेबल, साहेब, सगळं इसरलो. "चोर कुणाला म्हणतो रं? थांब, देतो तुझा नांगर!" आन् अंगातला सदरा काढून मारली उडी.

तर समिंदराचं पाणी मला घीना. विहिरीचं पाणी माणसाला खाली घेतं, जागा देतं. ह्या पाण्यानं मला बूच वर यावं तसं वर फेकलं. धक्क्यावरची मजूर मंडळी हसली. परत बुडालो, परत वर. खारं पाणी नाकात. साळूबाईचं ऐकाया पायजे व्हतं, मी शिवी द्यायला तोंड उघडलं व्हतं. शेवटाला मामानं होडीच्या बुडातला एक धोंडा माझ्या हातात दिला. तो पोटाशी धरला, आन् मंग मी गेलो आपल्या पद्धतीनं.

चार पुरुस पाणी असंल. खाली गढूळ, डोळं चरचरत व्हतं, हातानंच चाचपलं. दोर घावला. दोरावरनं नांगर घावला. नांगर हालंना. कशात अडकलाय म्हणून हात फिरवला तर गोल, मोठं, लोखंडी चाक. चाकाच्या आऱ्यांत नांगर असा बसलेला, की मुद्दाम बसवला असता तर बसला नसता. आन् ते चाक मी अंधारात बी वळखलं. तसली इंजिनं आमच्याकडं दर चौथ्या विहिरीवर असत्यात.

वर आलो. म्हणलो, "चाचा, तुझा नांगर ह्येंच्या इंजिनात गुतलाय. इंजिन काढल्याबिगर निघत न्हाई."

साहेब खुर्चीतनं उठले. "साखळी सोडा," म्हणले.

कप्पीची साखळी घेऊन मी परत खाली गेलो. असल्या इंजिनाच्या डोक्यावर उचलायची कडी असती, तिच्यात आकडा घातला. आन् दोनदा वढलं. काय न्हाई. परत दोनदा. काय न्हाई. छाती फुटाया आली. वर ती कोकणातली माणसं साखळी हातात धरून माझी वाट बघत उभी! त्येंला काय ठाऊक दोन झटके म्हंजी काय? पर होडीत एक माणूस व्हता ज्येला ठाऊक व्हतं. पाण्यातनं बी मला मामाचा आवाज आला.

"आरं वढा! पोरगं वढा म्हणतंय! वढा!"

साखळी ताठ झाली. मी वर आलो. माझ्यामागनं, चिखल गाळत, इंजिन आलं. चाकात नांगर आन् नांगराला दोर. मजुरांनी इंजिन कडंला, सरकवाया टाकलेल्या गोल वाशांवर ठिवलं, आकडा काढला, नांगर सोडवला. चाचानं नांगर घेतला, पुसला आन् मला म्हणला, "बेस बुडतोस." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मामा मजुरांला सांगाया लागला, की टाइमावर आराम केला की असं व्हतं.

मला वाटलं, झालं. लागली नोकरी.

तर बबनरावांनी फायल उघडली. घसा साफ केला. "साहेब, एक अडचण हाय. उमेदवाराची चाचणी उद्या सकाळी सातला. आज हा विश्रांतीवर हाय. विश्रांतीच्या दिवशी केलेलं काम चाचणीत धरता येत न्हाई."

"मग उद्या घ्या चाचणी," साहेब म्हणले.

"उद्या कशाची घ्यायची? इंजिन तर वर आलं. बुडीचं कारणच उरलं न्हाई. म्हंजी उद्याची होडी रद्द. चाचणी रद्द. आन् चाचणी न्हाई तर नेमणूक कुठल्या कलमात बसवू? मला तर आता म्हाळूला परत पाठवायचं पत्र करायला लागंल."

साहेबांनी कपाळ खाजवलं. त्येंला बी कलम सापडंना. म्हणले, "हो, तसं नियमात… बरोबर आहे."

मी वला उभा. आंगावरनं खारं पाणी गळतंय, नाक जळतंय, आन् डोळ्यासमोर पोपटराव गिरणीचा नवा पट्टा चढवताना दिसत्यात. बबनरावांनी पेनांला हात घातला. दोन व्हती, त्यातलं निळं काढावं का तांबडं, हे ठरवत उभे ऱ्हायले.

"बबनराव," मी म्हणलो, "इंजिन पाण्यात असतं तर उद्या बुडी झाली असती?"

"झाली असती. नियमानं."

"साहेबांसमोर?"

"साहेबांसमोर. सातला."

मी वळलो. इंजिनाच्या माघारी बसलो, पाठ धक्क्याच्या खुंट्याला लावली, दोन्ही पाय इंजिनाला दिले आन् ढकललं. गोल वाशांवरनं ते गडगडत गेलं, कडंला क्षणभर थांबलं, जसं काय बबनरावांची परवानगी मागतंय, आन् गेलं. एवढं पाणी उडालं की साहेबांची छत्री उलटी झाली आन् फायल वली झाली.

 पाण्यातनं बुडबुडं येत व्हतं, ते सगळ्यांनी बघून घेतलं.

"सातला येतो," मी म्हणलो आन् सदरा उचलला.

साहेबांनी उलटी छत्री सरळ करायचा प्रयत्न केला. जमलं न्हाई. मंग ती तशीच खाली ठिवली आन् बबनरावांकडं वळले.

"बबनराव, उद्याची होडी ठेवा. यादीत याचं नाव घाला. कायम." मंग माझ्याकडं, मामाकडं, आन् शेवटाला पाण्याकडं बघितलं. "आणि सकाळपर्यंत याला काहीतरी काम द्या. काहीही द्या. पण आता कोणीही याला आराम करू देऊ नका."